नकार मंडळाचा चहा

अभिनंदन मगदूम यांनी नोकरी कशी सोडली ही हकिकत शालूबाईनं स्वयंपाकघरातून निदान तीस वेळा ऐकली होती. पुण्याच्या कंपनीनं त्यांना वर्षातला सर्वांत कष्टाळू माणूस म्हणून काचेचा एक पिरॅमिड दिला, तो हातात घेतल्या घेतल्या त्यांना कळून चुकलं की आपली बारा वर्षं ह्या काचेत गोठून बसली आहेत, आणि त्यांनी तिथल्या तिथं, स्टेजवरच राजीनामा दिला. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो पिरॅमिड पेपरवेटएवढा होता. गणपती होऊन गेले तोवर तो दोन्ही हातांनी पेलावा लागायला लागला, आणि राजीनाम्यानंतर सभागृहात पसरलेली शांतताही बरीच लांबली.

शालूबाईचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. सांगणाऱ्यानं थोडं तिखटमीठ लावायचंच, त्याशिवाय गोष्ट घशाखाली उतरत नाही, हे तिला स्वयंपाकीण म्हणून ठाऊक होतं.

ती मूळची चंदगडकडची. लग्न होऊन कसबा बावड्यात आली, नवरा लवकर गेला, आणि तेव्हापासून तिचे हात लोकांच्या चुलीपुढं. मगदूमांकडं चौदा वर्षं झाली होती. अभिनंदनची आई, राजमती आक्का, यांनी तिला हाताला धरून जैनाघरचा स्वयंपाक शिकवला. आता आक्का थोरल्या मुलाकडं मूळ गावी, हुपरीला राहायला गेल्या होत्या, आणि नागाळा पार्कातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अभिनंदन आणि त्यांची बायको आदिती, अशी दोघंच असत. आदितीवहिनींचा दातांचा दवाखाना होता. सकाळी नऊला जायच्या, संध्याकाळी सातला यायच्या. अभिनंदनचे वडील भूपाल अण्णा चांदीच्या धंद्यात होते, त्यांनी जाताना शाहूपुरीत दोन गाळे ठेवले होते. ते भाड्यानं दिलेले. म्हणजे गाळे काम करत होते, त्यामुळे अभिनंदनना करावं लागत नव्हतं.

पण त्यांना कुणी आळशी म्हणू नये. काम न करण्याचं काम त्यांना सकाळी सातपासून पुरायचं. कामाला नकार देणं हाच भांडवलशाहीला खरा विरोध, ह्या विषयावर ते लेख लिहीत, फोनवर तास-तास बोलत, इचलकरंजीपासून साताऱ्यापर्यंत भाषणं देत. आणि दर रविवारी दहा वाजता त्यांच्या दिवाणखान्यात नकार मंडळ भरत असे. पंधरा-सोळा माणसं यायची. कुणी नोकरी सोडलेला, कुणी सोडायच्या विचारात असलेला, आणि एक विश्वजित. सहा वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून त्यानं ती व्यवस्था तत्त्वासाठी सोडली होती. त्या व्यवस्थेनं त्याला आधी सोडलं होतं का, हे मंडळात कुणी विचारत नसे.

मंडळासाठी शालूबाई रविवारीही यायची. पोहे दोन कढयांत करावे लागत. मगदूम कांदा खात नसत, आणि मंडळाची माणसं भांडवलशाही सोडायला तयार होती, पण कांदा नाही. मग चहा, मग एक वाजेपर्यंत चर्चा तापली की "शालूबाई, एवढा जरा वरणभात लावता का?" आणि मग भांडी. मंडळ सुरू झाल्यापासून अभिनंदन तिला मावशी म्हणत नसत. मावशी म्हणणं म्हणजे नात्याच्या आड पिळवणूक लपवणं, असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. तेव्हापासून शालूबाई. काम तेवढंच राहिलं, मावशीपण तेवढं गेलं.

त्या रविवारी ती बिनकांद्याच्या कढईत झारा फिरवत होती आणि बाहेरून अभिनंदनचा आवाज येत होता.

"संप करायला संघटना लागते, निवडणूक लढवायला पैसा लागतो. पण नाही म्हणायला काय लागतं? काहीच नाही! ज्याच्याकडं काहीच नाही, त्याच्याकडंही नकार असतो. तुमचा एक दिवस तुम्ही विकला नाही, तर जगातली कुठलीही कंपनी तो घेऊ शकत नाही. तो तुमचा!"

टाळ्या पडल्या. शालूबाईचा झारा थांबला. इतके महिने हे बोलणं तिच्या कानांवरून रेडिओसारखं जात होतं, आज कुठंतरी अडकलं. एक दिवस आपला. तिनं आठवून बघितलं. सणावाराला पहाटे उठून पुरणपोळ्या लाटायला दुसरीकडं. तापात पडली तेव्हा एक दिवस होता, पण तो तापाचा होता. पोहे तळाला लागले.

मंडळ उठल्यावर तिनं अभिनंदनना गाठलं.

"दादा, एक इचारू? ते न्हाय म्हनायचं... ते सगळ्यांसाठी हाय, का शिकलेल्या लोकांसाठीच?"

अभिनंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. खरोखर आलं. इतके महिने ते श्रमिक वर्गाची वाट बघत होते, आणि तो वर्ग ओट्यापाशी उभा होता.

पुढच्या रविवारी शालूबाईला मधल्या खुर्चीवर बसवलं. विश्वजितनं फोटो काढला. "आज आपल्या मंडळाला खऱ्या अर्थानं पाया मिळाला," असं म्हणून अभिनंदन श्रम आणि सन्मान यांवर वीस मिनिटं बोलले. शालूबाई पदर सावरून ताठ बसली होती. एकविसाव्या मिनिटाला कुणीतरी खाकरलं. कुणीतरी स्वयंपाकघराकडं बघितलं. हळूहळू सगळी मंडळी तिकडंच बघायला लागली, देवळात पडदा उघडायची वाट बघावी तशी. मग सगळ्यांनी शालूबाईकडं बघितलं. पाया उठला आणि चहा टाकायला गेला.

जाताना ती म्हणाली, "दादा, मी ठरीवलंय. रविवारी मी येत न्हाय."

"अगदी! हेच तर हवं होतं," अभिनंदन म्हणाले. "फक्त एवढा पुढचा रविवार सोडून. सांगलीहून माणसं येणार आहेत."

पुढच्या रविवारी सांगलीची माणसं आली, जेवली आणि दुपारच्या झोपेवर एक परिसंवाद करून गेली. त्याच्या पुढच्या रविवारी अभिनंदन म्हणाले, की नकार कधी द्यायचा यालाही एक ऐतिहासिक क्षण असतो, आणि तो अजून पिकलेला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी शालूबाई भांडी पालथी घालून, कुणालाच काही न बोलता घरी गेली, आणि रविवारी गेलीच नाही.

तो रविवार तिच्या चांगला लक्षात राहिला. सकाळी सहाला जाग आली, ती पडून राहिली. पाठ दुखायला लागली तशी उठली. सून स्वप्नालीनं चहा दिला. स्वप्नाली आठवडाभर एका डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढायची, रविवारी तिला सुट्टी. मुलगा सम्राट शाळेची व्हॅन चालवायचा, त्यालाही रविवारी सुट्टी, आणि ती तो तालमीच्या कट्ट्यावर मनापासून घालवत असे.

शालूबाई दारात खुर्ची टाकून बसली. बसायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे तिला उमगेना. हात मांडीवर ठेवले तर ते दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले. तिनं ते पदराखाली घेतले. समोरून जाणारी बाई म्हणाली, "काय ओ, बरं न्हाय व्हय?" आणखी एकीनंही तेच विचारलं. तिसरीला शालूबाईनं ऐटीत सांगितलं, "बरं हाय की. सुट्टी हाय!" आणि हे बोलल्यावर मात्र तिच्या अंगात काहीतरी सैल पडलं. ऊन पायांवर आलं. शेजारच्या अंगणात मांजर पिलांना चाटत होतं, ते तिनं अर्धा तास बघितलं. असलं काही आपण लहानपणानंतर बघितलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला उगाच रडायला आलं.

आतून परात आदळल्याचा आवाज आला.

"काय झालं ग?"

"कुठं काय," स्वप्नाली म्हणाली. परात पुन्हा आदळली.

शालूबाई आत गेली. स्वप्नालीनं पहाटेपासून आठवड्याचे कपडे धुतले होते, पाणी भरलं होतं, आता घामाघूम होऊन भाकरी थापत होती. एरवी शालूबाई मगदूमांकडून यायची आणि रविवारच्या भाकऱ्या तीच टाकायची.

"आत्ती," स्वप्नाली तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुमी दादास्नी न्हाय म्हणालासा, चांगलं केलासा. मलाबी बरं वाटलं. आता मी कुणाला न्हाय म्हनू, तेवढं सांगा."

शालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी पस्तीस वर्सं राबलो! आनि तुला एक रविवार जड व्हतोय व्हय? एवढा एक रविवार काढ, मग बगू."

बोलली आणि तिथंच थांबली. एवढा एक रविवार. हे वाक्य आपलं नाही, हे तिला लगेच कळलं. आवाजसुद्धा आपला नव्हता. हा तर तिसऱ्या मजल्यावरचा आवाज, फक्त बावड्यात येऊन बोलत होता. ती दारात खुर्चीवर बसली होती आणि तिच्या खुर्चीचा एक पाय स्वप्नालीच्या पाठीवर होता.

ती पाटावर बसली. मग म्हणाली, "व्हय ग. चुकलंच माझं."

सासूनं चुकलं म्हणायची ही घरातली पहिलीच वेळ. स्वप्नाली इतकी घाबरली, की म्हणाली, "तसं न्हवं आत्ती, मी करतो की."

"नगं. हितनं पुढं रविवारी तूबी न्हाय, मीबी न्हाय."

"मग भाकरी?"

दोघींनी एकदमच दाराकडं बघितलं. सम्राटच्या चपला तिथं नव्हत्या. तो कट्ट्यावर होता.

सम्राटला ही बातमी पुढच्या रविवारी दुपारी एक वाजता मिळाली, तीही गार चुलीकडून. आधी तो हसला. मग त्यानं डबे उघडून बघितले. मग आईचा चेहरा बघितला, बायकोचा बघितला, आणि दोघी हातांत हात धरून बसल्यासारख्या दिसल्यावर त्याला प्रकरण गंभीर आहे हे समजलं.

"कोण शिकीवलं हे तुमास्नी? त्या मगदुमानंच न्हवं? सोताचं घर बघायचं सोडून माझी आई बिघडवतोय व्हय?" असं म्हणून त्यानं व्हॅनची किल्ली उचलली.

पोरगा हात उगारणारा नव्हता, पण रिकाम्या पोटी होता. शालूबाई मागोमाग जाऊन व्हॅनमध्ये बसली. शाळेच्या पोरांच्या बुटक्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून, ती आपल्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा नागाळा पार्कात निघाली.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत नकार मंडळ भरलं होतं, पण भाषण कसलं चालू नव्हतं. मागच्या रविवारची भांडी, रविवारची म्हणून शालूबाईनं आठवडाभर हात न लावलेली, मोरीतून ओट्यावर आणि ओट्यावरून जेवणाच्या टेबलावर चढली होती. आणि मंडळ दहा वाजल्यापासून एकाच विषयावर बसलं होतं: चहा कुणी करायचा.

तीन गट पडले होते. विश्वजितचं म्हणणं, चहा करणं हे श्रम आहेत आणि आपण श्रमांना नकार दिलेला आहे, सबब प्रश्नच मिटतो. दुसरा गट म्हणत होता, की स्वतःपुरता चहा केला तर ते श्रम नव्हेत, तो आनंद. पण दुसऱ्याचा कप भरला की पिळवणूक सुरू. तिसरा गट जास्त व्यवहारी होता. त्यांचं मत, की फोनवरून चहा मागवावा, त्यात पोचवणाऱ्याची पिळवणूक होते हे खरं, पण तो येईपर्यंत आपण त्याच विषयावर चर्चा ठेवावी. तिसऱ्या गटानं मघाशी गुपचूप मागवलाही होता.

त्यामुळे सम्राट दारात उभा राहिला तशी सगळी सभा उठली.

"आला! आला चहा!"

"किती उशीर हो!" विश्वजित म्हणाला. "म्हणजे तुमची चूक नाही, व्यवस्थेची चूक आहे. पण किती उशीर!"

सम्राटनं मागं वळून बघितलं. मग त्याला कळलं, की हे आपल्यालाच म्हणत आहेत.

"चहा न्हाय ओ पावणं. मी शालूबाईचा मुलगा. मगदूमसाहेब कोण तुमच्यात?"

अभिनंदन पुढं आले. आठ दिवसांत त्यांची दाढी वाढली होती आणि शर्टावर दुधाचा डाग होता.

"माझी आई रविवारी काम करीना," सम्राट म्हणाला. "बायको करीना. घरात गार चूल. तुमी काय सांगितलंसा तिला?"

अभिनंदन एकदम उजळले. त्यांच्या विचाराचं हे पहिलंच फळ होतं, आणि ते चालत घरी आलं होतं. "हे बघा सम्राट, तुमच्या आईचा निर्णय क्रांतिकारी आहे. घरातलं काम हे अदृश्य काम असतं. बायकांनीच का करायचं ते? पुरुषांनी त्यातला वाटा उचललाच पाहिजे. तुम्ही आज भाकरी केलीत, तर ती नुसती भाकरी नसेल."

सम्राटनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग टेबलावरच्या भांड्यांच्या डोंगराकडं बघितलं. वरच्या पातेल्यात बुरशी आली होती.

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला. "मग हे कवापास्नं हितं अदृश्य हाय?"

विश्वजितनं, हा प्रश्न व्यक्तिगत पातळीवर न्यायची गरज नाही, असं काहीतरी म्हटलं. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. आदितीवहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात पुस्तक होतं आणि त्यांनी केस मोकळे सोडले होते. त्या आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या दाढा काढायच्या आणि सातव्या दिवशी मंडळाच्या खुर्च्या लावायच्या, हे शालूबाईनं बघितलं होतं.

"काय विचारलंत तुम्ही? परत विचारा," त्या सम्राटला म्हणाल्या. "मी आठ महिने तोच प्रश्न विचारतेय. तुमच्या तोंडून तरी ऐकू जातो का बघू."

अभिनंदननी आदितीकडं बघितलं, सम्राटकडं, मग दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या शालूबाईकडं. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक वाक्य येऊन मागं जाताना दिसत होतं. भांडवल आलं, इतिहास आला, अदृश्य श्रम आले, आणि सगळे ओठांपाशी येऊन परत गेले. मग ते टेबलापाशी गेले, वरचं पातेलं उचललं आणि मोरीकडं वळले.

त्यांना काथ्या कुठं असतो ते ठाऊक नव्हतं. साबणाच्या वडीऐवजी त्यांनी कपड्यांची पावडर घेतली. नळ एवढा सोडला, की पाणी उसळून त्यांच्या चष्म्यावर आलं. शालूबाईचे हात शिवशिवायला लागले. दोन पावलं पुढं गेलं की झालं असतं. पाच मिनिटांत ओटा लख्ख. तिनं दोन्ही मुठी पदरात आवळल्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरची तारीख वाचत उभी राहिली. कामाला जाणं तिला कधी इतकं अवघड गेलं नव्हतं, जितकं तेव्हा न जाणं गेलं.

"अभिनंदन, तुम्ही काय करताय?" विश्वजित कळवळून म्हणाला. "ही फितुरी आहे! आठ महिन्यांचा लढा तुम्ही एका पातेल्यासाठी सोडताय?"

"आरं गप की जरा!" अभिनंदन ओरडले. पुण्याची बारा वर्षं धुऊन जाऊन आतून हुपरी बाहेर आली. "ते फडकं दे हिकडं. आनि कप इसळ."

विश्वजितनं कप विसळला नाही. तो आणि नऊजण निषेध म्हणून उठून गेले, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खात त्यांनी मूळ नकार मंडळ स्थापन केलं. चारजण राहिले. त्यातल्या एकानं कप विसळले, दोघांनी चहा केला. चहात साखर दोनदा पडली होती. सम्राट तो प्यायला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. बावड्यात पोचल्यावर म्हणाला, "पीठ किती घ्यायचं असतंय?"

भाकरी त्याला जमली नाही, भात जमला. भातावर त्यानं पिठलं केलं, ते चमच्यानं कापून खावं लागलं. दोघी बायकांनी ते कापून खाल्लं, आणि चांगलं झालंय म्हणाल्या नाहीत. वाईट झालंय असंही म्हणाल्या नाहीत.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण नकाराची खरी किंमत मगदूमांच्या घरी मोजायची नव्हती, ती होती ताराबाई पार्कात. तिथं एका वकिलांकडं शालूबाई नऊ वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक करत होती. तिथंही तिनं रविवारचं सांगितलं. वकिलीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, विश्रांती हवीच. मग आता पूर्णच घ्या."

अभिनंदननी नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या मागं दोन गाळे उभे होते. शालूबाईच्या मागं भिंत होती. तीन आठवडे ती मिळकतीचा हिशेब बोटांवर मोजत बसायची. एकदा तर ती वकिलांच्या फाटकापर्यंत जाऊन, घंटीवर बोट ठेवून परत आली. आपण माजलो का, असं तिनं स्वप्नालीला विचारलं. स्वप्नालीलाही नक्की सांगता येईना.

पण सकाळी दुधाच्या डेअरीवर रांग असते आणि त्या रांगेत बावड्यातल्या निम्म्या स्वयंपाकिणी असतात. शालूबाईनं तिथं भाषण केलं नाही. काय झालं तेवढं सांगितलं. अंबूबाई तिच्या मागंच उभी होती. वकिलीणबाईंनी तिलाच बोलावलेलं. ती गेली, स्वयंपाकघर बघितलं आणि म्हणाली, "रविवार सोडून येतो." तिच्या नंतरची आली, तीही म्हणाली, रविवार सोडून. तिसरीनं तर दारातच विचारलं, "रविवारचं कसं हाय तुमच्यात?" चौथ्या आठवड्यात वकिलीणबाईंचा शालूबाईला फोन आला. या म्हणाल्या, रविवार तुमचा.

"मी न्हाय येत आता बाई," शालूबाई म्हणाली. "मला एका मास्तरणीचे डबे मिळाल्यात. अंबूला घ्या. हाताला चव हाय तिच्या."

ही हकिकत अभिनंदनना कळली तेव्हा ते पोळी लाटत होते. आता रविवारचं ते करायचे, मंडळाला आलेल्यानं आपला कप आपण धुवायचा असा ठराव झाला होता, आणि त्यामुळे मंडळ पाच माणसांच्या पुढं गेलं नव्हतं. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. थोडे हिरमुसल्यासारखे दिसले.

"चांगलं झालं. पण शालूबाई, तात्त्विकदृष्ट्या ही सुधारणावादी मागणी झाली. काम तर चालूच राहिलं. व्यवस्थेला धक्का कुठं बसला?"

"व्यवस्थेचं मला काय म्हाईत न्हाय, दादा. वकिलीणबाईस्नी बसला की."

अभिनंदन हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "सांगलीला पुढच्या महिन्यात परिषद आहे. श्रमिकांचा नकार, ह्या विषयावर तुम्ही बोला. दिवसभराचा कार्यक्रम. सकाळी सातला निघू."

"कवा हाय?"

"रविवारी."

"पैसे देत्यात?"

"छे छे," अभिनंदन म्हणाले. "मानधन घेतलं तर ते काम होईल ना."

शालूबाईनं क्षणभर विचार केला. "म्हंजे पैसे घेऊन केलं तर काम, आनि फुकट केलं तर नकार?"

पोळी तव्यावर करपत होती, ती अभिनंदननी उलटली.

"न्हाय दादा," शालूबाई म्हणाली. हे तिला आता सहज जमत होतं. "त्या दिवशी आमी दोघी वाडीला चाललोय."

आणि खरंच त्या रविवारी सासू-सुना एसटीत शेजारी शेजारी बसून नृसिंहवाडीला गेल्या. दत्ताचं दर्शन झालं. घाटाच्या पायऱ्यांवर गर्दीपासून जरा बाजूला दोघींनी पाय पाण्यात सोडले. स्वप्नालीनं पर्समधून खारे शेंगदाणे काढले. नवसाला आलेलं एक कुटुंब खालच्या पायरीवर भांडत होतं, ते दोघींनी मन लावून ऐकलं. कुणाची बाजू बरोबर, यावर त्यांचं एकमत झालं नाही.

फोन वाजला. सम्राट होता.

"आई, मीठ कुठं ठेवलाईसा?"

शालूबाई सांगणारच होती. खालच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागं, निळं झाकण. जिभेवर आलेलं तिनं गिळलं.

"बग की घरातच आसंल," ती म्हणाली, आणि फोन स्वप्नालीच्या पर्समध्ये टाकून शेंगदाण्यांना हात पुढं केला.